काटे वाचणारे आतोबा

रत्नागिरीत गाडी चालवणारी माणसं पुष्कळ आहेत, पण गाडी वाचणारा माणूस एकच, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. स्टिअरिंगमागच्या काचेत तुम्हा-आम्हाला दोन-तीन काटे आणि काही दिवे दिसतात. आतोबांना तिथे गाडीची भूक, ताप आणि स्वभाव दिसतो. मी बारा वर्षं गाडी चालवूनही पेट्रोल पंपावर शिरताना टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते बघायला खिडकीतून मान बाहेर काढायचो. एकदा आतोबांनी ते पाहिलं आणि पेट्रोलच्या काट्याजवळच्या पंपाच्या चित्रावर बोट ठेवलं. चित्राशेजारी एक इवलासा बाण होता. "हा कुठे बघतोय? डावीकडे. म्हणजे झाकण डावीकडे. बारा वर्षं तो बिचारा हात करून उभा आहे, तुझं लक्षच नाही!" तेव्हा वाटलेली लाज दोन दिवसांत गेली, पण आतोबांबद्दल वाटू लागलेला दरारा आजतागायत टिकून आहे.

त्यांची पांढरी गाडी वीस वर्षांची आहे. ती सुरू करायची म्हणजे किल्ली आधी अर्धीच फिरवायची. सगळे दिवे एकदम पेटतात आणि आतोबा हजेरी घेतात. "बॅटरी? आहे. तेल? आहे. हँडब्रेक? आहे." तोवर गाडीत कुणी बोलायचं नाही. तेलाच्या दिव्यावरचं चित्र मला पूजेतल्या झारीसारखं वाटायचं, ती तेलाची बुधली आहे हे त्यांनीच शिकवलं. आणि लाल दिवा म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घे, हेही. पण पेटलेल्या दिव्यापेक्षा न पेटलेल्या दिव्याचा त्यांना जास्त संशय. "दिवा दिसत नाही म्हणजे गाडी ठणठणीत, असं नसतं रे. बल्बच गेला असेल तर तो दुखणं सांगणार कसा?" याच कारणासाठी त्यांनी शेजारच्या मुलाच्या लग्नाची गाडी अडवली होती. नवरदेव मुंडावळ्या बांधून मागे बसलेला, बँड वाजतोय, आणि आतोबा खिडकीतून डोकं आत घालून ड्रायव्हरला सांगतायत, "तेलाचा दिवा लागलाच नाही. पुन्हा फिरव किल्ली." शेवटी बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढली, तर टोकाला जेमतेम थेंब! इंजिन वाचलं, मुहूर्त टळला. मुलीकडचे आतोबांशी अजून बोलत नाहीत.

अशा माणसाला चैत्रात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा मधला भाग हळूहळू पुसट होत जाणार, कडेचं तेवढं दिसत राहील, आणि गाडी आता बंद. आतोबांनी हे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुसायला घेतली. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "किल्ली तू काढून घे बाबा त्यांच्याकडून. मला नाही रे धीर व्हायचा." मलाही होत नव्हता. देवळात जाऊन पुजाऱ्याला बाहेर हो म्हणण्यातलाच प्रकार तो. मी आज-उद्या करत राहिलो. आतोबा मात्र कुठेही जायचं असलं की मला शेजारी बसवू लागले आणि मास्तरांसारखी माझी परीक्षा घेऊ लागले. "वेग किती? तापमान सांग. पेट्रोल?" म्हातारपणी विद्या कुणाच्या तरी हवाली करायची असेल, असं मला वाटलं आणि मी मनातून सुखावलो.

मे महिन्यात सावर्ड्याला त्यांच्या बहिणीकडे वास्तुशांत होती. सकाळी आत्या मागच्या सीटवर बसली आणि मी किल्लीसाठी हात पुढे केला, तर म्हणाले, "हातखंब्यापर्यंत मी नेतो, हायवेला तू घे." हातखंबा आला, गेला, आतोबा काही जागचे हलेनात. पुढे रस्त्याच्या कामामुळे ट्रकांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती.

"तापमान?" आतोबांनी विचारलं.

"मध्ये," मी मोबाइलमधून मान वर न करता म्हणालो.

"नक्की?"

"हो हो."

थोड्या वेळाने त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. "मग हा वास कसला येतोय?"

मी वाकून पाहिलं. काटा लाल रेघेला टेकला होता. आतोबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. रेडिएटरचा पंखा बंद पडला होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं, ते नुसतं म्हणाले, "मी तुला बघून सांग म्हटलं होतं."

काटा त्यांच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर होता. मग त्यांनी स्वतः का नाही पाहिला? दोन महिने परीक्षा कसली चालली होती? त्यांना काटे दिसतच नव्हते. आणि मी निम्मी उत्तरं अंदाजपंचे ठोकून दिली होती!

"आतोबा, मी बघितलंच नव्हतं," मी कसंबसं म्हणालो.

"ठाऊक आहे." त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "तुझ्या आत्याने तुला सांगितलंन ना काढून घ्यायला? मी तरी किती दिवस लपवणार होतो? आज चुकलास, आता जन्मभर बघशील. धर."

इंजिन निवल्यावर मी गाडी सुरू केली, तर म्हणाले, "हीटर लाव. पूर्ण."

"मे महिन्यात?"

"इंजिनातली ऊब तो आत ओढून घेतो. गाडीला ताप आहे, आपण थोडा वाटून घेऊ."

"जळ्ळं मेलं ते इंजिन! माझी नवी साडी भिजली घामाने," मागून आत्या म्हणाली. पण काटा खरोखरच खाली उतरला, आणि मी दर मिनिटाला तो मोठ्याने सांगत गॅरेज गाठलं. सावर्ड्याला आमचे अवतार पाहून आतोबांच्या बहिणीने आधी विचारलं, "चालत आलात की काय?"

आता गाडी मी चालवतो. परवा संध्याकाळी भाट्याला जाताना पुलावर आलो, तर आतोबा एकटक माझ्याकडे बघत होते. काहीतरी चुकलं असेल म्हणून मी घाईने बोललो, "तापमान मध्ये आहे, खरंच बघून सांगतोय. पेट्रोल पाव टाकी."

"तू बघतोयस ना? मग मला नको सांगूस." त्यांनी मान तशीच ठेवली. "समुद्र बघतोय मी. सरळ बघितलं तर धूर दिसतो. तोंड तुझ्याकडे केलं की डोळ्याच्या कडेने सगळा दिसतो." मग म्हणाले, "चाळीस वर्षं या पुलावरून गेलो रे, काट्यांवरून नजर नाही हलवली. इथून एवढा दिसतो होय?"

मी वेग आणखी कमी केला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, पण पूल संपेपर्यंत मी काही गाडी पुढे दामटली नाही.