मोबाइलवरची लाल ओळ

साताऱ्याचं स्थळ होतं. मुलगा माझ्यासारखाच कोड लिहिणारा, नोकरी चांगली, दिसायला छान. सांगलीला आमच्या घरी आई सकाळपासून देव पाण्यात घालून बसली होती. आणि खरं सांगते, मलाही तो आवडला होता.

‘बोलून घ्या’ म्हणत आम्हाला खिडकीशी दोन खुर्च्या दिल्या आणि बाकीचे पोहे खात कान देऊन बसले. बोलता बोलता विषय जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर आला. तो म्हणाला, “आता जावातही फंक्शनला, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, पूर्ण मान आहे.”

“पूर्ण नाही,” मी म्हणाले. आकडा जसा स्वतःच्या पायावर उभा असतो, तसं फंक्शन हवं. जावात ते ऑब्जेक्टच्या आडूनच येतं. पाहुण्यांपुढे मला काकूनं धरून आणलं ना, तसं.

“कुणाकडेही देता येतं, नाव देऊन ठेवता येतं. अजून काय हवं?” त्याचा आवाज चढला. मुद्दा त्याचाही खोटा नव्हता, पण मी इरेला पेटले होते.

“मग त्याला थेट हाक मारून दाखवा. मधे दुसरं काही न लिहिता.”

त्यानं मोबाइलवर दोन ओळी लिहून चालवल्या. चूक दाखवणारी लाल ओळ आली, माझ्या डोळ्यांदेखत. त्यानं ती वाचली, मोबाइल खिशात घातला आणि स्वतःच्या आईकडे वळून हसत म्हणाला, “बेसिक जरा कच्चं आहे हिचं. शिकवीन मी.”

सगळे हसले. माझी आईसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगी पसंत असल्याचं सांगून पाहुणे गेले आणि आई देवापुढे ठेवायला साखर घेऊन आली.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. कोडमधलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी विचारलं, “कोण बरोबर हुतं गं?”

“त्या ओळीपुरती मी, आबा.”

“त्येला कळलं हुतं?”

“वाचलं की त्यानं.”

“मग ह्ये स्थळ नगं,” आबा म्हणाले.

“आवं, एवढ्याशा गोष्टीवरनं मोडताय व्हय?” आई रडकुंडीला आली.

“चुकंना का,” आबा म्हणाले. “माज्या बी चुका हुत्यात. पर दोघांनी बघितल्यालं त्यानं फिरीवलं. उद्या त्येच्या घरात हिनं साक्षीला कुणाला आणायचं?”

आई वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मला तो अजूनही आवडत होता. आबांनी मध्यस्थांना नकार कळवायला फोन उचलला.

“थांबा, आबा. नकार मीच सांगते, मधे कुणी नको,” मी म्हणाले आणि सरळ त्यालाच फोन लावला.