गीताबाईचा हात चुकत नाही

आमच्या मुकुंदवाडीत गीताबाईशी वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मी अनंतराव, पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली. वाद घालण्याचाच पगार घेतला म्हणा ना. तरी मीही तिच्यापुढे हरलो, आणि तेही तिने माझ्याशी भांडण न करता.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गीताबाईच्या सासरच्या घरालाच जोडून एक गाळा आहे, दहा बाय बाराचा. गीताबाईचे सासरे पुंजाराम यांनी तो बांधला तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. आता समोर चार मजली इमारत आहे आणि तिच्या मागे आणखी दोन. या गाळ्यात गीताबाई टायपिंग, लग्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाइन असली कामं करते. करमाडच्या पलीकडच्या खेड्यातून आलेली बारावी पास सून, नवरा चिकलठाण्याला कारखान्यात पाळीवर. कॉम्प्युटरचा कोर्स तिने लग्नानंतर केला, तोही सासू वच्छलाबाईंनी घर सांभाळलं म्हणून. माझं रोज सकाळी तिथे जाणं असतं, कारण महानगरपालिकेला लिहिलेली माझी तक्रारपत्रं तीच टाइप करते. मजकूर पटला नाही तर ती खुशाल बदलते आणि वर मलाच सुनावते, "काका, इतकं नरम लिहून नळ येत नसतो."

दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. नळ पाचव्या दिवशी यायचा, आणि कधी येईल ते सांगायला कोणी बांधील नव्हतं. खेड्यातली माणसं घराला कुलूप लावून शहरात येत होती आणि शहर त्यांच्या खेड्यांकडे सरकत होतं. जिथे पेरणी झाली नाही तिथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जात. गीताबाईचे थोरले दीर काकासाहेब याच धंद्यात शिरले होते. माणूस मुळात वाईट नाही, पण गळ्यात सोन्याची साखळी आल्यापासून त्यांना आपल्या घरातली माणसं ठेंगणी दिसू लागली होती.

त्यांना आपल्या प्लॉटिंगचा मोठा फ्लेक्स हवा होता. त्यावर त्यांचा गॉगल घातलेला फोटो, गुळगुळीत रस्ता, आणि मधोमध उसळणारं कारंजं. ज्या गावात माणसं हंडाभर पाण्यासाठी टँकरमागे धावत होती, तिथे कारंजं. मी तोंडावर बोललोही, पण माझं कोण ऐकतं? गीताबाईचा कॉम्प्युटर जुना होता. कारंज्याचं चित्र टाकलं की तो हटकून गोठायचा.

दुसऱ्यांदा गोठला तेव्हा काकासाहेब म्हणाले, "ह्या डबड्यावर माझं काम व्हत नाय. एक मोबाइलवाला गाळा मागतोय. त्याला दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकान उघडायचंय."

"दसऱ्याला तुमचा फ्लेक्स तयार असला तर?" गीताबाईने विचारलं.

"तर गाळा तुझ्याकडंच. पुन्हा विषय काढणार नाय."

"आन् नसला तर?"

"तर उठायचं."

ती हो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शहागंजच्या बाजारात जाऊन तीन वस्तू घेऊन आली. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा नवा डबा, चित्रांसाठी ग्राफिक्स कार्ड आणि रॅमच्या दोन पट्ट्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आदमी भेजता हूँ, लेडीज के बस का काम नहीं." त्यावर हिने विचारलं, पेच उजवीकडे फिरवला की बसतो ना? मग माझाही हात उजवीकडं फिरतो की, असं वर सुनावलं.

खंडेनवमीची सकाळ होती. मी नेहमीच्या स्टुलावर बसलो होतो. गीताबाईने कॉम्प्युटर चटईवर आडवा घातला, बाजूचा पत्रा काढला, ब्रशने धूळ झटकली. आधी विजेचा डबा बदलला, मग कार्ड बसवलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. "बघितलं ना काका?" ती म्हणाली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग मशीन बंद करून, वायर काढून तिने जुनी रॅम उपसली. नव्या पट्ट्यांसाठी दोन्ही खाचांच्या कडेच्या कळा उघडल्या. इतक्यात गल्लीतून आरोळी आली की नळ आला.

त्या वर्षी ही आरोळी ऐकून जो जागचा हलला नाही तो माणूस नव्हे. गीताबाई हातातला पेचकस टाकून पळाली. मीही पळालो. तक्रारपत्रं लिहिणाऱ्याचा ड्रमसुद्धा रिकामाच असतो.

दीड तासाने आम्ही परत आलो तेव्हा वच्छलाबाई मशीनसमोर हात जोडून बसल्या होत्या. त्यांनी पत्र्याला हळदकुंकू वाहिलं होतं, अक्षता टाकल्या होत्या, वर झेंडूचं फूल ठेवलं होतं. खंडेनवमीला शेतकऱ्याच्या घरात अवजारांची पूजा होते, हे मला ठाऊक होतं. पण उघड्या कॉम्प्युटरची पूजा मी पहिल्यांदाच बघत होतो.

"गावाकडं नांगर पडून हाय, इळं-खुरपी गंजली," म्हातारी म्हणाली. "औंदा घरात चालतं हत्यार येवढंच हाय, म्हणून पुजलं."

गीताबाईने ओले हात पदराला पुसले. मग वाकून मशीनला नमस्कार केला, फूल उचलून कानामागे खोचलं, दिसल्या तेवढ्या अक्षता ब्रशने हलकेच गोळा केल्या आणि नव्या पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि आतून सारखी टीं-टीं सुरू झाली. तिने नव्या पट्ट्या काढून जुनी होती त्याच जागी परत लावली. तरी तेच.

गल्लीत बातमी पसरायला असा किती वेळ लागतो? अर्ध्या तासात काकासाहेब एक मेकॅनिक घेऊन हजर. त्या गड्याने जुनी पट्टी काढली, त्याच खाचेत परत दाबली, बटण दाबलं, टीं-टीं ऐकली आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "बोर्ड उड गया साहब. इनों खोलेच क्यों?"

"खंडेनवमीला हत्याराला कुणी पेचकस लावतं का?" काकासाहेब म्हणाले. "हातानं घालवलंस. उद्या सकाळी मोबाइलवाल्याला घेऊन येतो."

आता माझी पाळी. लिहायला लाज वाटते, पण मीही त्यांच्याच ओळीत जाऊन उभा राहिलो. "गीताबाई, सोडून द्या," मी म्हणालो. "जाणकार माणूस सांगतोय. हट्टाला काही अर्थ नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "काका, सकाळी तुमच्या डोळ्यांम्होरं चालू झालं व्हतं का नाय?"

"झालं होतं."

"मग माझा हात चुकला नाय." एवढं बोलून ती पुन्हा पेचकस उचलायला गेली, तेव्हा वच्छलाबाई मधे आल्या. पूजा झालेल्या हत्याराला आज आणखी हात लावू नको, उद्या लाव, असं त्यांनी विनवलं. गावाची रीतच आहे तशी. मला वाटलं, आता ही सासूवरही कडाडणार. पण तिने पेचकस खाली ठेवला. जिने दिरापुढे, मेकॅनिकपुढे मान वाकवली नाही, ती म्हातारीच्या एका शब्दावर थांबली. त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दसऱ्याला मी उजाडताच गेलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि घरी बसवतही नव्हतं. गीताबाईने मशीन उघडलं होतं. शेजारी एका कागदावर तिने काहीतरी लिहून ठेवलं होतं.

"हे काय?"

"मशीन चालत व्हतं तवापासून काय काय हललं, ते. डबा बदलला, चालू झालं. कार्ड लावलं, चालू झालं. म्हंजी त्यांचा दोष नाय. त्याच्यानंतर मी फकस्त पट्टी काढली आन् खाचा उघड्या ठेवल्या. जे काय झालं ते तिथंच झालं." मग जरा थांबून म्हणाली, "आन् काका, काल पहिल्या खाचेत पट्टी दाबली तवा एकाच बाजूची कळ वाजली. दोन्ही वाजायला पाहिजेत."

तिने जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. खट्, खट्. दोन्ही कळा वाजल्या. बटण दाबलं. एकदाच बारीक टीं झालं आणि पडदा लख्ख उजळला. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

ती मात्र हसली नाही. मशीन बंद केलं, मोबाइलची बॅटरी पहिल्या खाचेत मारली आणि पायातला काटा काढायचा चिमटा आत घातला. बाहेर आली ती तांदळाची एक कणी, कुंकवाने लाल झालेली.

"सापडला चोर!" मी म्हणालो. "ठेवा आता काकासाहेबांच्या हातावर. तुमचा हात चुकला नाही याचा हा पुरावा."

गीताबाईने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. वच्छलाबाई तिथे बसून आपट्याची पानं निवडत होत्या. तिने मूठ मिटली.

"हे आपल्या दोघांतच ऱ्हाऊ द्या, काका."

"अहो पण का?"

"माझ्या कामाला हत्यार म्हणणारं ह्या घरात एकच माणूस हाय. त्याला मी चोर म्हणू व्हय?"

मला तिचा राग आला. काल जे वाक्य तिने सगळ्यांच्या तोंडावर फेकलं होतं, ते खरं ठरलं होतं, आणि आता हीच ते गिळायला निघाली होती. पण ऐकेल तर ती गीताबाई कसली. नव्या पट्ट्या दोन्ही खाचांत बसवून तिने काकासाहेबांचा फ्लेक्स उघडला. कारंजं पडद्यावर उसळलं आणि मशीन तसूभरही अडखळलं नाही.

नऊच्या सुमारास काकासाहेब आले. बरोबर मोबाइलवाला, त्याच्या हातात नारळ आणि झेंडूचं तोरण. उजळलेला पडदा बघून काकासाहेब दारातच थबकले.

"हे कसं चालू झालं? बोर्ड उडाला व्हता ना?"

"बोर्ड चांगला हाय, भावजी. माझाच हात चुकला व्हता. पट्टी नीट बसली नव्हती."

ते वाक्य तिच्या तोंडून ऐकताच मी स्टुलावरून अर्धवट उठलो. काकासाहेबांना मात्र आयतं कोलीत मिळालं. "बघा, सोताच्या तोंडानं कबूल करती. आज पट्टी चुकली, उद्या गिऱ्हाइकाचं काम बुडवशील. अशा हातात दुकान ठेवून काय करू? गाळा रिकामा कर."

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हणालो.

"अनंतराव, हा घरातला मामला हाय."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर गीताबाईने डोळ्यांनीच मला गप्प केलं. टेबलावर ठेवलेली कणी तिने त्यांची चाहूल लागताच पुन्हा मुठीत घेतली होती. मोबाइलवाल्याने तोरण लावायला खिळा कुठे आहे ते बघायला सुरुवात केली.

"गीते, मूठ उघड."

वच्छलाबाई आतून आल्या होत्या. पदरात आपट्याची पानं तशीच होती.

"काय नाय, आत्याबाई."

"चिमट्यानं काय काढलंस ते मी आतनं बघितलंय. माझं डोळं गेलं नायत अजून. मूठ उघड."

गीताबाईने सावकाश मूठ उघडली. म्हातारीने ती लाल कणी दोन बोटांत धरून थोरल्या मुलापुढे नेली.

"ह्यो माझ्या पूजेतला दाना. अक्षता अख्खी पाहिजे म्हणत्यात, पण रेशनच्या तांदळात अख्खा दाना घावतो का? कणीच व्हती. ती मी टाकली, मशीनच्या पोटात. हिचा हात चुकला नाय. माझा चुकला. हिनं माझ्यासाठी चूक आपल्या अंगावर घेतली, आन् तू तिला उठवतूस?"

"माय, तू आत जा."

"आत कशाला जाऊ? घरपट्टीच्या पावतीवर नाव माझं हाय. हिनंच छापून वाचून दाखवलंय मला. कुणाला उठवायचं आसंल तर मला उठव."

असं म्हणून त्या गीताबाईच्या चाकांच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. खुर्ची मागे सरकली तशी त्यांनी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. सत्तरीच्या त्या बाईला जन्मात कधी मुलापुढे असं बसलेलं मी बघितलं नव्हतं, आणि मला वाटतं काकासाहेबांनीही नव्हतं. गीताबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कालपासूनची सगळी बोलणी खाताना ते आलं नव्हतं.

मोबाइलवाला शहाणा निघाला. मुहूर्त टळतोय असं पुटपुटत तोरण गुंडाळून, नारळ काखेत मारून तो चालता झाला. काकासाहेब त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग गीताबाईकडे न बघता म्हणाले, "बरं. मी शब्द फिरवत नसतो. फ्लेक्स दाखव."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. कालच्या चुकीनंतर मला हसायचा हक्क नव्हता. गीताबाईने पदराने डोळे पुसले आणि सासूच्या खुर्चीमागूनच हात लांबवून माऊस धरला. रस्ता आला, गॉगलमधले काकासाहेब आले, मधोमध कारंजं आलं, अगदी थेंब न् थेंब. काकासाहेबांचा चेहरा उजळला. तेवढ्यात तिने एकदा टिचकी मारली आणि कारंजं पडद्यावरून गेलं.

"कारंजं कुठं गेलं? झेपत नाय का मशीनला?"

"मशीनला झेपतं, भावजी. आत्ताच बघितलं ना तुम्ही? कारंजं मी जपून ठेवलंय," गीताबाई म्हणाली. "नळाला रोज पाणी यायला लागलं की टाकते."