तुळशीच्या जुन्या मातीची दिघीवारी

घरी आलं ते असं: बोर्ली पंचतनच्या ताईच्या वाडीतली माती, एक पोतं, फुकट. तुळशीचं रोप, तेही फुकट. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बोटीसकट जाणंयेणं पाचशेच्या आत. शिवाय आमच्याच तुळशीची जुनी माती, एक पिशवी. ती खरं तर परत यायची नव्हती.

उरणकडे आमचं घर कंटेनरच्या रस्त्याला लागून. ओटी झाडून निघालेली धूळ मी वर्षानुवर्षं तुळशीत घातली. घरातली लक्ष्मी बाहेर कशाला टाकायची? नात मुक्ता तिथंच खेळते, बोटं चोखते. तिच्या रक्तात शिसं जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, "रस्त्याच्या धुळीत असे धातू असतात, ते कुजत नाहीत. माती तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण पोरीला तिच्यापासून लांब ठेवा. कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसा."

तुळशीची माती गटारात कशी टाकायची? म्हटलं, ताईकडे जाताना समुद्रात सोडू.

अलिबागहून मुरूडला जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र दिसत राहतो. पुढे आगरदांड्याला दिघीची बोट मिळते, तिच्यात गाड्याही चढतात. पाणी खोल आल्यावर मी हात जोडून पिशवीची गाठ सोडली. शेजारी टोपली घेऊन कोळीण बसली होती.

"काय टाकतेस गो बाय?"

"तुळशीची माती."

"मंग काढलीस कशाला?"

देवाचं काम, खोटं कसं बोलू? सगळं सांगितलं.

"तुज्या नातीला नको, आन् माज्या म्हावऱ्याला चालतंय व्हय? तेच तू घरी नेऊन तळशील!"

"आज माझा सोमवार आहे, मावशी."

"तुजा सोमवार. नातीचा न्हाय ना?"

सगळी बोट हसली. मीही हसले, पण गाठ परत मारली. सैल बसली म्हणून तिनंच टोपलीची सुतळी काढून दिली.

ताई पहाटे आधी सडा घालते, मग झाडते. धूळ उडतच नाही. मी टँकरचं पाणी वाचवायला सडा सोडला होता. आता पुन्हा घालते.

नवी तुळस मागच्या दारी लावली. मुक्ताचं रक्त पुन्हा तपासायचंय. जुनी पिशवी माळ्यावर आहे. खाली उतरवली की हात जोडावेत की धुवावेत, कळत नाही. घंटागाडीवाल्याला विचारलं, "कुठं नेतोस रे?" त्यानं खाडीकडे बोट केलं.

अशी माती कुठं द्यायची हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल, तर उलट टपाली कळवा. तोवर सुतळी सोडणार नाही.