विजूताईंचा बिनआवाजी कीबोर्ड

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात डावीकडे माझं टेबल, मी मुद्रांक विक्रेता, आणि उजवीकडे विजूताईंचं. त्या लोकांचे अर्ज टाइप करून देतात. मधे दोघांच्या गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. अठरा वर्षं आम्ही शेजारी बसतोय आणि अठरा वर्षं माझा उजवा कान मार खातोय.

विजूताई टायपिंग शिकल्या बारामतीत, लोखंडी मशीनवर. तिथल्या सरांची शिस्त अशी, की चौथ्या कार्बन कॉपीवरसुद्धा अक्षर ठळक उमटलं पाहिजे. पुढे सर वारले, मशीन भंगारात गेली, कॉम्प्युटर आला. पण ताईंची बोटं अजून चौथी कॉपीच काढत होती. सकाळी दहाला जी कडकड सुरू व्हायची ती कचेरी बंद होईपर्यंत. मी कुरकुर केली की म्हणायच्या, "वसंतराव, आवाज सोसत नसंल तर टेबल उचला." मी का उचलू? माझं टेबल त्यांच्याआधी चार महिने इथं आहे.

गिऱ्हाइकांना मात्र तो आवाज फार आवडायचा. बाई कशा झपाट्यानं काम करतात बघा, असं एकमेकांना सांगत लोक बाकड्यावर निवांत बसायचे. ताईंनाही त्याचा थोडा तोरा होता, खोटं कशाला बोला.

मग गेल्या दसऱ्याच्या सुमाराला सारजाबाई आली.

सारजाबाई बावड्याकडची, साठीच्या पुढची, अंगानं किरकोळ. नवरा गेल्यापासून दीड एकर ऊस एकटी सांभाळते. तिच्या उसाकडे जायची वाट दिराच्या रानातून होती आणि दिरानं, म्हणजे गेणबानं, ती दगड टाकून, वर बाभळीच्या फांद्या रोवून बंद केली होती. माणूस कसाबसा जाई, पण उसाची ट्रॉली जाणार कशी? कारखाना सुरू व्हायला महिना राहिला होता. वाट मोकळी झाली नाही तर तोडणीची टोळी तिच्या फडाकडे फिरकणार नव्हती आणि वर्षाचा ऊस जागेवर वाळणार होता.

आधी एकदा तिनं भाच्याकडून दोन ओळींचा अर्ज लिहून दिला होता. तो परत आला. वाट कुठून कुठे जाते, किती रुंद, केव्हापासूनची, कोणी, कधी आणि का अडवली, सगळा तपशील हवा होता.

"बोला मावशी," विजूताई म्हणाल्या.

"वाट जुनी हाय बाई. माजं लगीन झालं तवापास्न..."

कडकडकडकड. सारजाबाई गप्प झाली.

"पुढं?"

"तुमी समदं लिवताय व्हय?"

"अर्जच करायचाय न्हवं मावशी?"

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

दुसऱ्यांदा आली, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा मात्र जाताना ती थांबली. "राग मानू नका बाई. भावकीतलं हाय. तुमचं मशीन वाजाय लागलं की वाटतं, फौजदार माजा जबाब घ्यायलेत."

त्या दिवशी विजूताईंनी कधी नव्हे ते चारलाच काम थांबवलं. "वसंतराव," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं मी लोकांचं ऐकती. मी तर नुसती वाजवत बसलेली."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की मी सल्ले देतो, तसे दिले. हातानं लिहून घ्या म्हटलं, तर त्या म्हणाल्या, माझं अक्षर माझं मला लागत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा म्हटलं, तर म्हणाल्या, रेकॉर्डचं नाव काढलं तर ती म्हातारी इंदापूरला पाय ठेवायची नाही. मग त्यांनीच ठरवलं. न वाजणारा कीबोर्ड घ्यायचा. त्याला वायर नको, म्हणजे टेबलामागून उठून बाकड्यावर सारजाबाईशेजारी बसता येईल. आणि तो चपटा हवा, म्हणजे मांडीवर नीट बसेल. त्यांची बोटं न बघता चालतात, त्यामुळे पडदा कुठं का असेना. किंमत दीड हजाराच्या आत, कारण नुकताच प्रिंटर दुरुस्त केला होता.

शनिवारी कचेरी बंद, म्हणून आम्ही एसटीनं बारामतीला निघालो. मी का गेलो विचाराल, तर त्या म्हणाल्या, "तुमचा कान तयार झालाय." भवानीनगर आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून कारखान्याच्या चिमणीकडे बघितलं. धूर नव्हता. "वेळ हाय अजून," त्या म्हणाल्या.

दुकान सृष्टी नावाच्या मुलीचं, तिशीची असेल, बोलायला चटपटीत. तिनं पहिला कीबोर्ड काढला तो लाल-हिरवा-निळा पेटणारा.

"ह्याच्यात दिवाळी कशाला लावलीय?" ताईंनी विचारलं.

"गेम खेळणाऱ्यांचा आहे, काकू."

"मी अर्ज खेळती."

मग तिनं साधे चार काढले. दुकान अगदी रस्त्यावर. बाहेर ट्रक, बुलेट, भंगारवाल्याचा भोंगा. त्या गदारोळात चारही कीबोर्ड साधूसारखे शांत वाटत होते. मला भूक लागली होती. म्हटलं, घ्या कुठलाही, सगळ्यांच्या डब्यावर सायलेंट छापलंय.

"डब्याला काय जातंय?" ताई म्हणाल्या. त्यांनी सृष्टीकडून मागची दुरुस्तीची खोली उघडून घेतली, दार लावलं, मला स्टुलावर बसवलं आणि कीबोर्ड तिथल्या कॉम्प्युटरला जोडून मांडीवर घेतला. "आता बोला वसंतराव. तुमी थांबलात की कीबोर्ड बाद."

"काय बोलू?"

"उजनीची गोष्ट सांगा."

ती गोष्ट आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. विसाव्या वर्षी मी उजनी धरणाचं पाणी पोहून पार केलं, ती. मी सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला थांबलो, कारण खटखट ऐकू येत होती. पहिला बाद. दुसऱ्याची अक्षरं मऊ होती, पण शब्द संपला की मधली लांब पट्टी खट् करायची आणि मी शब्दागणिक ठेचकाळत होतो. तिसरा मुकाट होता, पण इतका इवलासा, की ताईंचं एक बोट दोन अक्षरांवर पडायचं. मी आपला तीन वेळा काठावरून पाण्यात उतरून दमलो.

चौथा पाटीएवढा पातळ होता. ताईंनी तो मांडीवर ठेवला, पदर पुढे ओढला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. आता सांगायला हरकत नाही, अठरा वर्षांत मी बोलत असताना त्या बाईनं माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. त्या मधूनच "मग?" म्हणायच्या, मान हलवायच्या. मला भलताच हुरूप आला. पाणी किती गार होतं, वारा कसा सुटला, पलीकडच्या गावातला दिवा कसा दिसला, सगळं सांगितलं. घसा सुकला तेव्हा थांबलो.

ताईंनी पडदा वळवून वाचायला सुरुवात केली. "'...मधोमध आल्यावर होडीवाला मला म्हणाला, पाय आत घे, चप्पल भिजेल.'" त्या थांबल्या. "वसंतराव, होडीवाला?"

मी असं बोललो होतो? बोललो होतो. काळ्या अक्षरांत समोर होतं. सृष्टी तोंडाला ओढणी लावून हसत होती.

"हाच द्या," विजूताई म्हणाल्या.

तो सोळाशेचा होता. सृष्टीनं चौदाशेला दिला. दोनशे रुपये तिनं माझ्या गोष्टीचे वळते केले, असं तीच म्हणाली.

आता सगळं सुरळीत होईल असं कुणालाही वाटलं असतं. पण आमचे लोक! पहिल्याच दिवशी एक ट्रॅक्टरवाला आला. ताईंनी त्याचा अर्ज टाइप केला आणि म्हणाल्या, झाला. तो म्हणाला, "कसा झाला? वाजलंच न्हाय की!" आणि चिडून पलीकडच्या शेडमध्ये गेला. आठवड्यात अशी चार माणसं गेली. मी सांगितलंच होतं, असं म्हणायची संधी मी सोडली नाही. त्यावर ताईंनी जुना कीबोर्डही पुन्हा जोडला. घाईतल्या माणसाला कडकड ऐकवायची आणि मनात काही असलेल्या माणसासाठी चपटा काढायचा. शिवाय त्यांचं बोटही जड. नव्या कीबोर्डवरसुद्धा सुरुवातीला धपधप व्हायचं. मग त्या घरी रोज तासभर बोटांना हळू चालायला शिकवायच्या. पन्नाशीत, हे लक्षात घ्या.

सारजाबाईच्या भाच्याच्या फोनवर निरोप धाडला आणि गुरुवारी ती आली. ताई तिच्याशेजारी बाकड्यावर बसल्या आणि कीबोर्ड आधी तिच्याच हातात दिला. "मावशी, लिवणार हाय मी, लपवत न्हाय. शेवटी समदं वाचून दावती. नको असंल ते खोडू."

सारजाबाईनं तो उलटासुलटा करून बघितला. "ह्याला वायर न्हाय?"

"न्हाय."

"मग त्या टीव्हीत कसं जातंय?"

"जातंय खरं."

ती जराशी हसली आणि बोलू लागली. पहिल्यांदा ताईंच्या बोटांकडे बघून, मग रस्त्याकडे बघून, मग कुठंच न बघता. वाट पाटापासून तिच्या विहिरीपर्यंत. रुंदी एवढी, की भरली बैलगाडी सरळ जाई. ती लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं आणि गेणबानं मिळून ओढ्यातले दगड वाहून ती वाट बांधली. दोघांची भाकरी तीच न्यायची. मी स्टँपच्या वहीत डोकं घालून बसलो होतो, पण कान तिकडेच होता आणि त्याला बोटांचा आवाज अजिबात येत नव्हता.

"मग मोडलं कशानं, मावशी?" ताईंनी हळूच विचारलं.

"माज्यानं," ती म्हणाली. "मालक गेलं तवा दीर भवानीनगरला, कारखान्यावर कामाला. त्यास्नी फोन करायचं माज्या ध्यानातच आलं न्हाय. ज्यानं त्यानं धरलं, दुसऱ्यानं केला आसंल. त्ये येईस्तवर अग्नी दिल्याला व्हता. सख्ख्या भावाचं त्वांड बगाय गावलं न्हाय त्यास्नी. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी वाट बंद क्येली. म्या कुणाला सांगितलं न्हाय, बाई. चूक माजी हाय."

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता लिवा."

"लिवून झालं, मावशी."

ताईंनी सगळं वाचून दाखवलं. शेवटाला आल्यावर विचारलं, "हे ठेवू का खोडू?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, स्वतःची चूक कबूल करून कोण अर्ज करतं? हे अर्जात बसत नाही."

"तुमी गप बसा, होडीवाले."

"ठिवा," सारजाबाई म्हणाली. "आन् नुसतं गेणबा नका लिवू. गेणबाराव लिवा. दीर हाईत माजं."

सुनावणी कारखाना सुरू व्हायच्या आठवडाभर आधी लागली. मी दाराशी उभा होतो. काम नव्हतं माझं तिथं, पण मी होतो. गेणबा वकील घेऊन आला होता आणि वकिलाचं म्हणणं, तिथं वाट कधी नव्हतीच. साहेबांनी कारकुनाला अर्ज वाचायला सांगितला. ओढ्यातले दगड आले, भाकरी आली, तोवर गेणबा छताकडे बघत होता. फोनचं वाक्य आलं आणि त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"ह्ये त्यांनी सांगितलं, का टायपिंगवाल्या बाईनं घातलं?"

"म्या सांगितलं, भावजी," सारजाबाई म्हणाली.

वकील काहीतरी बोलायला लागला. गेणबानं त्याच्या बाहीला धरून त्याला बसवलं. "साहेब, वाट हाय. जुनी हाय. मी काढतो फांद्या."

साहेब म्हणाले, दोघांनी तसं लेखी द्या.

म्हणून दोघं आमच्या शेडमध्ये आली. बाकड्याच्या एका टोकाला गेणबा, दुसऱ्या टोकाला सारजाबाई. वर्षभर एकमेकांशी न बोललेली माणसं कशी बसतात, तशी. विजूताई मधे बसल्या, चपटा कीबोर्ड मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "बोला, गेणबाराव."

त्यानं घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली.

"मी काय बोलू?" तो म्हणाला. "वयनी सांगत्याल तसं लिवा."

सारजाबाई सांगू लागली. वाट पाटापासून विहिरीपर्यंत. भरली गाडी जाई एवढी. दोघा भावांनी दगड वाहून बांधलेली. ती थांबली तसा गेणबा बाकड्यावर थोडा अलीकडे सरकला.

"भाकरी वयनी आणायच्या," तो म्हणाला. "त्ये बी घाला."