डिस्कचा मालक

तोवेराने डिस्क काढून पुन्हा खोचली, पुसून खोचली, दुसऱ्या खाचेत खोचून पाहिली. मशीनचं पालुपद एकच: वाचायला परवानगी आहे, लिहायला नाही.

रुम्फी गावच्या या छोट्या रेडिओ केंद्रावर मृत्यूच्या बातम्या वाचणं हे तिचं काम. स्टुडिओ गावात, प्रक्षेपण डोंगरावरून. मधली जोडणी वादळात तुटली ती तुटलीच, म्हणून आवाज डिस्कवर भरून मोटारसायकलने वर धाडायचा. वरचं यंत्र हीच एक डिस्क ओळखे. ती व्यवस्था केंद्रातून निवृत्त झालेल्या अदादा, म्हणजे बाबा, कुमवेंडांनी लावलेली, आणि आजची बातमी त्यांच्याच मृत्यूची होती. त्यांची मुलगी सरोवराकाठी उसिस्याला राहत होती. तिथे फोन लागत नाही, रेडिओ मात्र घरोघर लागतो. संध्याकाळी नाव ऐकलं तर ती उद्या दफनाला पोचणार. नाहीतर बापाचं तोंड दिसणं नाही.

सकाळपासून तोवेरा अदादांच्या अंगणात रडून आली होती. आता रडायलाही त्राण नव्हतं. डिस्क भरलेली नव्हती, बिघडलेलीही नव्हती. शेवटी तिने मशीनच्या लिनक्स प्रणालीला विचारलं, हिचा मालक कोण? नावाच्या जागी नुसता आकडा आला.

"लुसुंगु, मशीनला हात कुणी लावला?"

नवा मॅनेजर मंदासी, तळलेले गोड गोळे, खात होता. "मीच. म्हाताऱ्याचं मशीनवरचं खातं काढून टाकलं. गेलेल्या माणसाचं खातं कशाला ठेवायचं, अमामा?"

"अरे शहाण्या, त्याच खात्यातून मी रोज लिहीत होते."

एकदा कुणीतरी जिवंत माणसाच्या मरणाची बातमी डिस्कवर घुसडली, तेव्हापासून लिहिण्याचा हक्क अदादांनी आपल्या एकट्याकडे ठेवला होता. निवृत्त होताना त्यांनी सगळे पासवर्ड तोवेराला दिले, आणि भेटतील तेव्हा टोकायचे, "पोरी, डिस्क तुझ्या नावावर करून घे." ती म्हणायची, "उद्या करते, अदादा." कामाच्या रगाड्यात राहून गेलं हे सांगायला. खरं तर त्यांचं नाव पुसायला तिचा हातच धजत नव्हता.

आता पुसायला नावही उरलं नव्हतं. मुख्य पासवर्ड टाकून तिने मालकाच्या जागी आपलं नाव टाइप केलं. एका ओळीचं काम. मग माइक ओढून अदादांचं नाव वाचलं, गाव वाचलं, मुलीला नावाने बोलावलं. डिस्कने मुकाट लिहून घेतलं.

बाहेर मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून कंटाळला होता. तिने डिस्क त्याच्या हातात दिली.

"सांभाळून ने," ती म्हणाली. "आता ती माझी आहे."