त्याच्या सत्काराचा नारळ

माझ्याच हातात त्याच्या सत्काराचा नारळ दिला.

एरंडोलजवळची कापसाची जिनिंग मिल. आवारात मंडप, मागे बॅनर, महिला सुरक्षा कार्यक्रम. कापूस साफ करणाऱ्या आम्ही बाया सतरंजीवर. खुर्च्यांवर मॅनेजर, जळगावहून आलेल्या एक मार्गदर्शक मॅडम आणि आमचा मुकादम. त्याला सगळे आबा म्हणतात.

या आबानं आदल्या आठवड्यात मला कापसाच्या गंजीमागे धरलं होतं. छातीला हात घातला. मी ढकलून पळाले आणि तडक मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "मुकादम जुना माणूस आहे. तूच जरा नीट राहत जा." आणि तक्रारीवर काय केलं? हा कार्यक्रम ठेवला.

पुरुष कामगारांना त्या दिवशी अर्धी सुट्टी. ते गेटबाहेर टपरीवर चहा पीत होते. आम्ही ऐकत होतो, पदर कसा घ्यायचा, एकटीनं कुठं जायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. वा रे वा! हात त्याचा आणि शिकवणी माझी.

मग मॅनेजर माईकवर म्हणाला, बायांची काळजी घेणाऱ्या आबांचा सत्कार. नाव पुकारलं माझं. सगळ्यांदेखत मी नारळ दिला की विषय मिटला, असा त्याचा हिशेब. आबा हसत उभा राहिला. शालीसाठी मान पुढे केली.

नुसता संताप. नारळ टेबलावर ठेवला आणि माईक ओढला.

"याले मी नारळ देत नही. यानी माले गंजीमांगे धरं."

कुणीतरी वायर काढली. मी बायांकडे बघितलं. त्यातल्या दोघीतिघींनाही त्यानं धरलं होतं, मला ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना खाली.

माझ्याशेजारी रोज जेवणारी अक्का दुपारी डबा उचलून पलीकडे गेली. "बाई, माले दोन पोरी शेतस," एवढंच बोलली. तिचा राग येत नाही. खोटं कशाला बोलू, येतो. रोज येतो.

मला कामावरून काढलं नाही, हंगामात बाया कमी पडतात. पण तेव्हापासून मी एकटी जेवते. घरी नवरा बोलत नाही. आबा अजून गंजीजवळच उभा असतो.

यंदाचा हंगाम सुरू झाला आणि त्याच मॅडम परत आल्या. कार्यक्रम पुन्हा ठरवायचाय, काय बदलायचं तुम्हीच सांगा, म्हणाल्या. सांगितलं. आधी पुरुषांची सुट्टी रद्द करा, त्यांना बसवा. गंजी आडोशाला लावू नका. तक्रार ऐकायला मॅनेजर नको, बाहेरचं माणूस आणा. आणि आबाला खुर्ची नको.

"हळूहळू करू," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना सोबत घ्यावं लागतं."

मला कोणी घेतलं सोबत?

कार्यक्रम होईल. आबाला पुन्हा खुर्ची दिली तर मी सतरंजीवर बसणार नाही. उभी राहीन. या वेळी माईक नकोच मला, टपरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्याचं नाव घेईन. सोबत कुणी उठो, न उठो.