चांदवडच्या घाटात सरकलेलं टायमिंग

पेट्रोलचा वास आला की मला चांदवडचा घाट आठवतो. नव्वदच्या दशकातली ती दुपार. मागच्या सीटवर माझी बायको सुनंदा कळा देत होती आणि आमची जुनी गाडी धक्के खात, फटफट आवाज करत बंद पडायला आली होती. नाशिकचं हॉस्पिटल अजून तासाभरावर होतं. मी गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं.

"टायमिंग सरकतंय," मेकॅनिकची लेक असलेली सुनंदा म्हणाली. "डिस्ट्रिब्यूटर हलतोय का बघा."

इंजिनात ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा तो भाग खरंच सैल झाला होता. इंजिन चालू ठेवून मी तो हळूहळू फिरवला. ती आवाज ऐकत होती. "अजून थोडा... बास! आता बोल्ट आवळा."

मुलगी हॉस्पिटलातच सुखरूप जन्मली. सुनंदा जराही घाबरली नव्हती, असं मी सगळ्यांना सांगत आलो. परवा ती म्हणाली, "बोलत राहिले नसते, तर किंचाळले असते."